धुळाईचं ठोंब

फार फार वर्षांपूर्वी, तांबडमाळावर माणसं थोडी आणि गुरं जास्त होती तेव्हा, तिथे धुळाबाई नावाची बाई राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दावणीला हरणी नावाची गाय, तेवढंच काय ते तिचं गोत.

एकदा पाऊस गेला तो तीन वर्षं फिरकला नाही. गवत संपलं तेव्हा लोकांनी कुदळी घेतल्या, मारवेल गवताची मुळंसुद्धा खणली आणि गुरांपुढे टाकली. धुळाबाईनेही खणली. पण एकदा खणता खणता तिच्या मनात आलं, सगळंच खणलं तर पाऊस आल्यावर उगवणार काय? त्या दिवशी तिने खणलेली ठोंबं, मुळांसकटचे ते गवताचे झुबके, हरणीला घातली नाहीत, परसात लावली. वरून पार करपलेली, पण मुळाशी जीव होता. भांडी विसळलेलं पाणी ती त्यांच्या बुडाशी ओतायची. ठोंबं फुटली. साऱ्या माळावर तेवढंच हिरवं होतं, असं म्हणतात.

हरणी तिकडे बघून हंबरायची. मग तिचं हंबरणंही थांबलं.

धुळाबाईचा दीर येसू विळा घेऊन आला. "वैनी, गाय मरतीया. कापा ते."

"तुरं आल्यात, भावजी. बी पिकू द्या."

"तुमास्नी काळीज हाय का?"

ती ठोंबांपुढे जाऊन बसली आणि उठलीच नाही. येसू तसाच परतला.

हरणी मेली ती धुळाबाईच्या मांडीवर मान टाकून. बाई रडली नाही. गावाने तेही बोलून दाखवलं, आणि तिच्या दाराशी जाणं सोडलं.

बी पिकलं. ते ओटीत घेऊन ती माळावर निघाली, मूठमूठ फेकत. लोक दारांतून बघत होते. कुणी हाक मारली नाही. ती परत आली नाही.

पुढे पाऊस आला. उघडा माळ लाल होऊन वाहिला. फक्त एका वाटेने, बाईच्या पावलापावलाच्या अंतरावर, मारवेल उगवलं. येसू त्या वाटेने चालत गेला. केस पिकेपर्यंत तो दरसाल जायचा, पण वाटेचं टोक त्याला सापडलं नाही, असं म्हणतात.

आजही तांबडमाळावर घरोघरी परसात मारवेलचं एक ठोंब असतं. त्याला धुळाईचं ठोंब म्हणतात. गाय उपाशी असली तरी बी पिकेपर्यंत त्याला विळा लावत नाहीत. पिकलं की घरची बाई ते ओटीत घेऊन माळावर जाते. आणि ती घरी येईपर्यंत कुणीतरी दारात उभं राहून तिला नावाने हाका मारत राहतं.