वाळूच्या टेकाडाचं देणं

उंच डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या सपाटीवर एक गाव वसलेलं होतं. तिथं धाकू नावाचा एक मेहनती बागाईतदार राहायचा. त्याची नारळ-सुपारीची वाडी समुद्राच्या अगदी जवळ. मध्ये होतं फक्त वाळूचं एक लांबलचक टेकाड. त्याच्यावर केवड्याची बनं माजलेली आणि जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली.

धाकूच्या डोळ्यांत ते टेकाड सलायचं. "एवढी जागा अडवून बसलंय नुसतं! सपाट केलं तर आणखी पन्नास माड लागतील."

शेजारच्या वाडीत म्हातारी येसूआत्या एकटीच राहायची. ती म्हणाली, "नको रे बाबा. आपला डोंगर उभा, नद्या आखूड. सकाळी पडलेला पाऊस संध्याकाळी समुद्राला मिळतो. हे टेकाडच तेवढं पाणी पिऊन धरून ठेवतं आणि वर्षभर आपल्या विहिरींना पुरवतं."

"आत्या, वाळूत कधी पाणी टिकतं का?" धाकू हसला आणि कामाला लागला. हिवाळाभर राबून त्यानं आपल्या वाडीपुढचं टेकाड सपाट केलं आणि तिथं माडाची रोपं लावली.

पावसाळ्यात मोठं उधाण आलं. लाटा मोकळ्या जागेतून थेट वाडीत शिरल्या. त्याच वाटेनं पाणी पसरून येसूआत्याचे भाजीचे वाफेही खारावले. पाऊस सरल्यावर धाकूची विहीर मचूळ झाली. त्याच्या बायकोनं, सुभद्रेनं, त्या पाण्यात भात शिजवला, पण पोरांना घास गिळवेना. खाऱ्या वाऱ्यानं सुपारी पिवळी पडत चालली.

शेवटी धाकू कळशी घेऊन आत्याच्या कुंपणाशी उभा राहिला. आत्यानं कळशी घेतली, आपल्या विहिरीवर भरली आणि त्याच्या हातात दिली.

"आत्या, तुमचे वाफे माझ्यामुळे गेले. मला बोला तरी काहीतरी!"

"बोलून वाफे गोडे होणार आहेत का? रोज येत जा. पोरांचं भागलं की सुपारीला घाल. माड सोसतील, तिला नाही सोसवायचं."

धाकूचे डोळे भरून आले. तो तसाच सपाट केलेल्या जागेवर गेला. उधाणातूनही माडाची बरीच रोपं जगली होती, नवे कोंब वर आले होते. ती ठेवली तर टेकाड पुन्हा उभं राहणार नव्हतं. धाकूनं एकेक रोप मुळांसकट हलकेच काढलं आणि आत्याच्या उजाड वाफ्यांच्या कडेनं नेऊन लावलं.

"अरे, हे कशाला?" आत्या म्हणाली.

"तुमच्या विहिरीनं माझी पोरं जगवली, आत्या."

"माझं कसलं रे त्यात? माझ्या बाजूचं टेकाड आहे, म्हणून माझी विहीर आहे. हात जोडायचे तर त्याला जोड."

धाकूनं मोकळ्या जागेवर झावळ्या विणून केलेली कुडणं कुंपणासारखी रोवली. वारा त्यांच्या आडोशाला वाळू आणून टाकू लागला. आत्याच्या बाजूची मर्यादवेल तोडून त्यानं तिथं लावली. पहिल्या वर्षी टेकाड घोट्याएवढं झालं, दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढं. वेलींची मुळं वाळू धरत गेली.

सातव्या वर्षी पाऊस सरला तेव्हा सुभद्रेनं विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. तिनं ती ओंजळ पिऊन टाकली आणि दुसरी भरून धाकूपुढे धरली. पाणी गोड होतं.

धाकू तडक टेकाडाकडे निघाला. पायथ्याशी त्यानं चपला काढल्या, वाळूला हात लावून तो कपाळाला लावला. पुढं जन्मभर त्या वाळूवर त्यानं अनवाणीच पाय ठेवला.

तात्पर्य: जे गाजावाजा न करता आपल्याला सांभाळतं, ते निरुपयोगी वाटू शकतं, म्हणून त्याला हात लावण्याआधी त्याचे उपकार ओळखावेत.