तेल लावून आलोय

"पण महाराज, मुळात ते तेल कुठलं?"

हेरंबनं हे विचारलं तेव्हा निंबाजीबुवा मठाच्या पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठलं तेल?"

"लखमोजीबाबांच्या वाटीतलं. मुंडनाआधी डोक्याला लावतात ते."

"असेल कुठलंतरी," बुवा म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

आता ज्याच्या घरात तीन पिढ्या तेलं कढवण्यात गेल्या, त्याला हे उत्तर पचणार कसं? हेरंब कऱ्हाडकडच्या वैद्यांचा मुलगा. बाटलीचं बूच काढायच्या आधी वासावरून तेल सांगायचा. मठात सगळे त्याला वैद्यबुवाच म्हणत. काही कौतुकानं म्हणत, बरेचसे चिडवायला म्हणत, आणि त्याला दोन्ही गोड वाटे.

पण आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि त्याला कारण मठाची रीत.

रीत अशी होती. नव्या माणसाला दीक्षा द्यायची, तर मठातल्या सगळ्यात जुन्या शिष्यानं, म्हणजे लखमोजीबाबांनी, त्याचं मुंडन करायचं. वस्तऱ्याखाली रक्त दिसलं, की दीक्षा पुढच्या वर्षावर गेली. असं तिसऱ्यांदा झालं, तर माणसानं झोळी खुंटीला अडकवायची आणि आल्या वाटेनं घरी जायचं. असं का, ते कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे.

हेरंबचं दोनदा रक्त निघालं होतं. आज दुपारी तिसरी वेळ.

घरी परत जाणं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच माहीत. वडील दारात उभे राहून म्हणाले होते, "महिनाभरात येशील परत. तुझ्या हातून काही पुरं झालंय का आजवर?" ते ऐकून निघालेला माणूस तो. त्याच दारात पुन्हा जाऊन उभं राहायचं?

"महाराज, मी पहिल्या वर्षी तिळाचं लावलं होतं," तो पुढे सरकून बसला. "कोमट करून. तिळाचं तेल कातडीत मुरतं, केस मऊ पडतो. तरी कापलं."

"हं."

"दुसऱ्या वर्षी म्हटलं, तीळ पातळ पडला असेल. म्हणून एरंडेल घेतलं. दाट असतं ते, वस्तरा त्याच्यावरून घसरत जातो. त्यात थोडं खोबरेल, आणि कडुनिंबाचा पाला कढवून घेतला. पहाटेच चोळून बसलो होतो. तरी कापलं."

"बरं."

"आता या वेळी करंज घालून बघावं का, असं मनात आहे. वास उग्र येईल. पण..."

बुवांनी सोललेले दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली. टरफलं उडाली.

"दोन्ही वेळा कुठं कापलं?" त्यांनी विचारलं.

हेरंबचा हात डाव्या कानाकडे निघाला आणि वाटेतच थांबला. "इथंच... कुठंतरी."

"दोन्ही वेळा एकाच जागी?"

हेरंबनं विषय बदलला. खरं तर दोन वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "महाराज, राग मानू नका. लखमोजीबाबांना हल्ली दिसत नाही हो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवा भाकरी समजून ताटलीची कड मोडायला निघाले होते. अशा माणसाच्या हातात वस्तरा द्यायचा, मग तेल बिचारं काय करणार?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणीही म्हटलं असतं. बुवांनी तसं म्हटलं नाही.

"माझं डोकं तोच करतो," एवढंच ते बोलले. "कित्येक वर्षं."

"तुमचं कधी कापलं नाही?"

"कधीच नाही."

"म्हणजे बाबांच्या वाटीतल्या तेलातच काहीतरी आहे," हेरंबचे डोळे चमकले. "तेच मी विचारतोय महाराज. कुठलं तेल ते? एकदा वास घेऊ द्या. मी तस्संच बनवतो."

"म्हणजे अजून तू ते लावलंच नाहीस?"

"नाही. बाबा वाटी घेऊन आले होते दोन्ही वेळा. मी सांगितलं, तेल लावून आलोय."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. वाटी खाली ठेवली नि वस्तरा घेतला."

बुवांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. पायरीवरून उठताना त्यांचे गुडघे कुरकुरले.

"जा, वस्तरा आण," ते म्हणाले. "आणि तुझी ती करंजाची बुधली पण."

"आत्ता? मुंडन तर दुपारी..."

"तुझं दुपारी. माझं आत्ता. तू करायचंस."

हेरंबला वाटलं, महाराज थट्टा करतायत. पण महाराज विहिरीकडे चालायलाही लागले होते. तो वस्तरा आणि बुधली घेऊन पळत पळत पोचला, तेव्हा ते धुण्याच्या दगडावर पाठमोरे बसले होते. डोक्यावर महिनाभराचे पांढरे, राठ केस.

त्यानं बुधलीचं बूच काढलं. बुवांनी मागे न बघता हात पुढे केला, तेल तळव्यावर घेतलं आणि स्वतःच डोक्यावर थापलं. इकडून एकदा, तिकडून एकदा. तोंड धुवावं तितक्या घाईनं. मग थोडं पाणी शिंपडलं.

"हं. कर."

हेरंबनं वस्तरा उघडला. हात काही नवशिका नव्हता. गळवं फोडायच्या आधी रोग्यांच्या अंगावरचे केस त्यानंच काढलेले, वडिलांच्या देखत. तेलही उत्तम होतं, त्यात शंका नाही. केस छान चपचपीत दिसत होते.

त्यानं पातं माथ्याजवळ नेलं... आणि तिथंच धरून ठेवलं.

या केसांखाली काय आहे? चढ कुठं, उतार कुठं? केस कुठल्या अंगाला वळलेत? कानामागे ते उंच दिसतंय ते हाड आहे की नुसताच केसांचा पुंजका? रोज सकाळी याच डोक्यापुढे तो वाकत आला होता आणि त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"काही नाही महाराज."

"मग?"

"एकदा... हात फिरवून बघू का?"

"कशाला? तेल तर लावलंय."

विहिरीच्या कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली, दोघांकडे बघून उडून गेली.

मग हेरंबनं वस्तरा मिटून दगडावर ठेवला. बुधलीतलं थोडं तेल बोटांवर घेतलं आणि महाराजांच्या डोक्याला हात लावला.

उजव्या कानामागे वाटाण्याएवढी गाठ होती. माथ्यावर भोवरा, तोही उलटा फिरलेला. मागे मानेच्या वर एक खोलगट जागा, तिथं बोट आपोआप हळू झालं. कपाळावर, केस सुरू होतात तिथं, कातडी म्हाताऱ्याची, पातळ झालेली. बुवांनी डोळे मिटले होते. त्यांची मान हळूहळू सैल पडत गेली आणि शेवटी डोक्याचं ओझं हेरंबच्या तळहातात येऊन राहिलं. एवढ्या मोठ्या माणसाचं डोकं असं आपल्या हातात येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याला भीती वाटली आणि फार बरंही वाटलं.

मग त्यानं वस्तरा चालवला. गाठीला वळसा घातला, भोवऱ्यापाशी दिशा बदलली. कुठं खरचटलंसुद्धा नाही.

बुवांनी डोक्यावरून ओला पंचा फिरवला आणि उठले.

"चांगलं तेल आहे," ते म्हणाले आणि शेंगा सोलायला परत गेले.

दुपारी मठाच्या ओसरीवर पाट मांडला. लखमोजीबाबा एका हातात वाटी घेऊन, दुसऱ्यानं भिंत चाचपत आले. सगळे शिष्य जरा लांब, भिंतीला टेकून बसले. दोनदा पाहिलेलं आज तिसऱ्यांदा बघायचं, म्हणून कुणी फारसं बोलत नव्हतं. बुवा आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात होते.

हेरंब पाटावर बसला. आज त्याचं डोकं कोरडं होतं.

बाबांनी सवयीनं वाटी खाली ठेवायला घेतली. "वैद्यबुवा, तेल लावून आलायस ना?"

"नाही बाबा."

"आं?"

"नाही लावलं. तुम्ही लावा."

बाबा थोडे घोटाळले. मग त्यांनी वाटी जवळ ओढली आणि बोटं बुडवली. हेरंबनं वास घेतला. सवय कुठली जायला. तिळाचं... नाही, खोबरेलही आहे. थोडं करडईचं. त्यात कुठंतरी जळक्या वातीचा वास. त्याला कोडं पडलं. समयांच्या तळाशी उरलेलं, डब्यांच्या बुडाशी राहिलेलं, असं कुठलं कुठलं एकत्र झालेलं तेल होतं ते. वडिलांनी असलं तेल गाईच्या खुरालाही लावलं नसतं.

बाबांची बोटं जाड होती, खरबरीत. ती कपाळापासून सुरू झाली आणि सावकाश मागे गेली. घाई कसली ती नाही. माथ्यावर थांबली, मानेशी उतरली, पुन्हा वर आली. मग डाव्या कानाच्या वर गेली.

हेरंबचं सगळं अंग ताठलं. खांदे कानाशी आले.

बोट तिथंच थांबलं. केसांखाली एक खाच होती, करंगळीचं टोक बसेल एवढी. तिच्या कडेला हाड उंच आलेलं.

"हे रे काय?" बाबांनी हळू विचारलं. फक्त त्याला ऐकू जाईल असं.

बोट त्यांनी तिथून काढलं नाही.

"...बत्ता लागला होता," हेरंब शेवटी म्हणाला. "खलाचा बत्ता."

"पडलास?"

"नाही. वडिलांनी फेकला. माझ्या हातून काढा करपला होता."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं विचारलं तेव्हासुद्धा जिन्यावरून पडलो म्हणाला होता. तेव्हापासून त्यानं कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही. तेल लावायचं तर आपलं आपण, केस विंचरायचे तर आपले आपण.

"हं," लखमोजीबाबा म्हणाले. "दुखलं असेल."

एवढंच. आणि त्यांनी बोटावर आणखी थोडं तेल घेऊन त्या खाचेभोवती गोल फिरवलं, एकदा, दोनदा. हेरंबचे खांदे खाली आले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलं नाही. डोकं हलवायचं नव्हतं ना.

मग वस्तरा आला. बाबांचे डोळे भलतीकडेच, समोरच्या तुळशीकडे लागलेले. पातं मात्र माथ्यावरून उतरलं, कानाशी आलं, उंच हाडापाशी थबकलं, वळसा घालून खाचेत हळूच उतरलं आणि पलीकडे निघालं.

भिंतीशी बसलेले लोक माना पुढे काढून बघत होते.

बाबांनी ओला पंचा डोक्यावरून फिरवला आणि सगळ्यांना दिसेल असा झटकून वर धरला. पांढरा होता. कुणीतरी सुस्कारा सोडला. बाबांनी वस्तरा मिटला, वाटी उचलली आणि आले तसे भिंत चाचपत आत गेले.

हेरंब उठला. त्याला चक्क हलकं हलकं वाटत होतं. झोळी खुंटीला लागणार नव्हती, ते दार पुन्हा बघायचं नव्हतं. तो तडक कोपऱ्यात गेला आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. बुवांनी त्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला. हात डाव्या कानाशी गेला आणि थोडा वेळ तिथंच राहिला.

पण वैद्याचा मुलगा तो. पायांवरून उठतो न उठतो तोच किडा वळवळला.

"महाराज, एक विचारू?"

"विचार."

"ते तेल अगदीच काहीच्या बाही होतं. समईतलं, डब्यातलं, सगळी सरमिसळ."

"असेल."

"म्हणजे काम तेलाचं नव्हतंच. काम बाबांच्या हाताचं होतं."

"बरं."

"मग तेल लावायचं तरी कशाला? नुसताच हात फिरवला असता तर?"

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. मग हसले.

"नुसत्या हाताला तू डोकं दिलं असतंस का रे?"