गजराबाईचं पत्र कोणतं?

एकदा एक गुळाचा व्यापारी होता. त्याची शाळा चौथीतच सुटली होती. पुढचं सारं शिक्षण गाडीवानांनी आणि गिऱ्हाइकांनी दिलं. बाजारच्या दिवशी ज्यांना लिहिता येत नसे ती माणसं त्याच्या दुकानाच्या पायरीशी बसत आणि तो त्यांची पत्रं लिहून देई. त्याच्या पत्राला उत्तर येतंच, अशी पंचक्रोशीत ख्याती होती.

वयोमानानं बोटं थरथरू लागली, तेव्हा त्यानं एक तरुण शिष्य हाताशी घेतला. शिष्य निबंधात जिल्ह्यात पहिला आलेला. अक्षर छापल्यासारखं, शुद्धलेखनात बोट ठेवायला जागा नाही. तरीही त्याच्या पत्रांना उत्तरं येईनात. त्याला वाटे, दोष टपालाचा असावा.

एके दिवशी गजराबाई तिसऱ्यांदा पत्र लिहून घ्यायला आली. तिच्या एकुलत्या लेकीनं, मंजुळानं, पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. तेव्हा गजराबाई रागानं बोलून गेली होती, "पुन्हा माझा उंबरा चढू नकोस." लेक मानी, ती चढली नाही. आता गजराबाईची नजर झपाट्यानं उतरत होती. दिवाळीनंतर फारसं दिसणार नाही, असं वैद्यांनी सांगितलेलं. आणि नातीचं तोंड तिनं अजून पाहिलं नव्हतं.

शिष्यानं मन लावून पत्र लिहिलं. 'मातृहृदय व्याकुळ झाले आहे' हे वाक्य तर त्याला स्वतःलाच फार आवडलं.

व्यापाऱ्यानं ते हातात घेतलं. शिष्यानंच सकाळी लिहिलेली आणखी दोन पत्रं त्यात मिसळली, आणि नावं गाळून तिन्ही मोठ्यानं वाचली.

"गजराबाई, ह्यातलं तुझं कोणतं?"

ती गोंधळली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागली. मग म्हणाली, "दुसरं असंल, शेटजी. त्यात लई रडणं हाय."

दुसरं पत्र एका कुंभारानं भावाला लिहून घेतलेलं होतं.

शिष्याचे कान तापले. "शेटजी, पत्रात चूक कुठे आहे ते तरी दाखवा!"

"चूक एकही नाही रे, मास्तर," व्यापारी हसून म्हणाला. "पण जिचं पत्र तिलाच ओळखू येईना, तर लेकीला कसं ओळखू येईल? शाळेनं तुला वाक्य बांधायला शिकवलं, उत्तम केलं. पण त्या वाक्यात बसायचं कुणी, ते इथं पायरीवर बसलेल्या माणसाला विचारावं लागतं. तू तिला एक तरी प्रश्न विचारलास?"

शिष्यानं मान खाली घातली. मग दौत बाजूला सारून तो पायरीवर गजराबाईशेजारी जाऊन बसला.

"मावशी, मंजुळाताई लहानपणी कशा होत्या?"

"कशी म्हंजे? वांड! मी भाकरी थापाया बसले की माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. म्हणायची, आये, तू थापतीस तवा मला पाळण्यावानी हलतंय." गजराबाई थांबली. "आता थापताना पाठीला गार लागतं, लेकरा."

शिष्याला चटकन एक भारदस्त शब्द सुचला. त्यानं तो गिळला, आणि ती बोलली तसंच लिहून घेतलं. खाली तिनं सांगितलं, 'चुकलं माझं. उंबरा तुझाच हाय.'

व्यापाऱ्यानं पुन्हा तिन्ही पत्रं मिसळून वाचायला घेतली. पहिलंच निघालं हे. दुसरी ओळ संपायच्या आत गजराबाईनं तोंडाला पदर लावला. "बास करा, शेटजी. हेच ते."

नवरात्राच्या सुमारास एक बाई कडेवर मुलगी घेऊन दुकानाशी थांबली. आईच्या घरूनच आली होती. डोळे रडून सुजलेले, चेहरा मात्र निवांत.

"आईला तर लिहिता येत नाही," ती म्हणाली. "पत्र कुणी लिहिलं?"

जिल्ह्यात पहिला आलेल्या त्या तरुणानं दौत बाजूला सारली.

"तुमच्या आईनंच, ताई. मी जवळ बसलो होतो."

व्यापाऱ्यानं गुळाचा एक खडा फोडून त्या पोरीच्या हातावर ठेवला.

आपण लिहिलेलं दुसऱ्या कुणाच्याही नावावर खपत असेल, तर आपलं विचारायचं अजून राहिलं आहे, असं समजावं.