हिरडबांधच्या पाळीचे कोपर

हिरडबांधच्या तलावावर पक्षी बघायला आलेली माणसे पाळीवरच्या, म्हणजे मातीच्या बांधावरच्या, पायवाटेने निघतात आणि सातआठशे पावलांवर एकदम थबकतात. तिथे पाळ सरळ जायची सोडून पाण्यात शिरते, कोपरासारखी दुमडते आणि वळसा संपवून पुन्हा आपल्या रेषेवर येते. वाटेत ना खडक, ना जुने झाड. इथे निसर्ग उद्यान झाले तेव्हा वाट आखायला आलेल्या साहेबांनी म्हणे कपाळाला आठ्या घालून विचारले होते, "ही चूक कुणाची?"

"चूक नोहे साहेब," कवडूजी मारबते म्हणाले होते, "घर आहे थे."

कवडूजी जातीने ढिवर, मासे धरणारे. सत्तरी ओलांडलेली, जन्म या पाण्यावर गेलेला. आता पाहुण्यांना पक्षी दाखवतात. कुणी मोठ्याने बोलले की चालता चालता थांबतात आणि म्हणतात, "बोलाचंच होतं तं घरी बसून बोलाचं होतं, बाप्पा." कोपरावर आले की मात्र ते स्वतःच बोलायला लागतात, आणि तेव्हा कुणी मध्ये खोकलेलेही त्यांना खपत नाही.

गोष्ट फार जुनी आहे म्हणे. किती जुनी, याचा हिशेब कवडूजी करत नाहीत. गावात तेव्हा एकच विहीर होती आणि माघ लागला की तीही तळ दाखवायची, एवढेच सांगतात. दोन पावसाळे कोरडे गेले होते. धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, भेगा पडल्या होत्या, अर्धे गाव पोट हातावर घेऊन निघून गेले होते. तेव्हा डोमाजी कोहळीने ओढा अडवून तलाव बांधायचा घाट घातला.

पिढ्यान्पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या हाताला पाणी कळते, असे या भागात म्हणतात. डोमाजीच्या नजरेलाही कळत होते. बांबू उभा चिरून केलेल्या पन्हळीत पाणी भरायचा, ती जमिनीवर ठेवून एक डोळा मिटायचा आणि कुठले पाणी कुठवर जाईल ते सांगायचा. त्याचे सांगणे कधी चुकले नव्हते. तीन वर्षे गाव खपले. स्त्रिया टोपल्या वाहत, पुरुष खोदत, म्हातारी माणसे माती तुडवत. कोहळ्यांचा नियम एकच होता: पाळ सरळ हवी. वाकडी पाळ आणि वाकडा माणूस, दोघेही भार आला की दगा देतात.

डोमाजीला एकच मुलगा होता, उदाराम. तिसऱ्या वर्षी माती खोदताना वरची दरड त्याच्यावर कोसळली. त्याला बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीत ओली माती होती म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी, डोमाजीचे वावर होते. काळी, लोण्यासारखी जमीन, पण उंचावर. तिथे पाटाचे पाणी आणायचे आणि ऊस लावायचा, हे उदारामचे लग्नाआधीपासूनचे वेड. राख सावडायच्या दिवशी डोमाजीने डोक्याचे पागोटे काढले आणि साऱ्या गावादेखत शब्द दिला, "तुह्या वावरात पाटाचं पाणी नेईन, लेका. तोवर हे डोक्यावर चढणार नाई."

पागोटे घरातल्या खुंटीला अडकले. डोमाजी बोडक्या डोक्याने उन्हात उभा राहून पाळ बांधू लागला. घरी तो जेवण्यापुरताच जाई. उदारामची बायको सायत्रा तेव्हा गरोदर होती. सुनेचे पोट दिसू लागले तसा तो तिच्याकडे बघेनासाच झाला. बघितले की मुलगा आठवायचा आणि मुलगा आठवला की हात चालायचे नाहीत. सायत्रा मात्र रोज पाळीवर यायची आणि दिवस भरत आले तरी टोपली सोडायची नाही.

मृग निघून आर्द्रा लागायला चार दिवस उरले, तेव्हा पाळ दोन्ही बाजूंनी पुढे आली होती. मध्ये फक्त ओढ्याचे तोंड आणि त्याच्या काठची थोडी दलदल बांधायची राहिली होती. डोंगरावर ढग बसले होते. हे तोंड बंद होण्याआधी पूर आला असता, तर तीन वर्षांची माती ओढ्यातून वाहून गेली असती आणि तिच्यामागून गावही. डोमाजी पहाटेच माणसे घेऊन उतरला आणि बघतो तर दलदलीत, पाळीच्या बरोबर रेषेवर, सारसांनी घर मांडले होते. वाळक्या गवताचा खाटेएवढा ढीग, त्यावर दोन अंडी. मादी बसलेली होती. नर माणसाएवढा उंच, तांबडी मान ताठ करून वाटेत उभा राहिला तो हललाच नाही.

सारसाचे घर कुणी मोडत नाही. जोडीतला एक गेला तर दुसरा अन्नपाणी सोडतो, असे इथले लोक मानतात. माणसांनी कुदळी खाली ठेवल्या. डोमाजी मात्र चिखलात उतरला. "पाखराचं घर पाखरू पुन्हा बांधते," तो म्हणाला, "गाव पुन्हा बांधाले कोन येनार?" आणि त्याचे खोटे नव्हते. त्याने काठी उगारली, तेव्हा मागून सायत्रा पुढे आली. टोपली उपडी केली आणि घरट्यापासून दोन हातांवर चिखलातच बसली.

"सायत्रा, ऊठ."

"नाई उठत, मामाजी."

"पाळ इथूनच येनार हाय."

"तं माह्यावरून येऊ द्या." सासऱ्यासमोर तिने कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली. "एक घर या मातीखाली गेलं. माह्यं होतं थे. दुसरं मी नाई जाऊ देनार."

म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. डोमाजीला राग आला, की रडू आले, की दोन्ही, हे सांगणारे कुणी उरलेले नाही. तो काठी टाकून पाळीवर चढला आणि एकटाच पन्हळ घेऊन बसला.

घरटे पाळीच्या खालच्या बाजूला ठेवायचे तर पाळ पाण्याकडे वळवायला हवी होती. वळसा म्हणजे साठ हात जास्तीची पाळ. तेवढी माती चार दिवसांत नव्याने खोदणे कुणाच्या बापाला जमले नसते. माती एकाच ठिकाणी तयार होती. बांधून झालेल्या पाळीच्या माथ्यावर. सबंध पाळीचा माथा एक हात उतरवला, तर कोपर उभे राहणार होते. डोमाजीने पन्हळीत पाणी भरले. एक डोळा मिटून गावाकडे बघितले, मग टेकडीकडे बघितले. पुन्हा पाणी भरले, पुन्हा बघितले. अकरा हातांची पाळ दहा हात झाली तर कुठले पाणी कुठवर जाईल, ते त्याच्याशिवाय कुणाला कळणारे नव्हते, आणि त्याला ते लख्ख कळले.

तो उठला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. "माथा एक हात उतरवा," तो म्हणाला. "पाळ वळवू."

"आन पानी पुरन का, डोमाजी?" गावच्या महाजनाने विचारले.

"तुमच्या बांध्याले पुरन."

महाजनाने पुढे विचारले नाही. तुमच्या म्हणजे साऱ्यांच्या, असेच त्याने धरले. चार दिवस गाव झोपले नाही की काय, कुणास ठाऊक. ज्यांना मातीकाम माफ होते ती आंधळी, पांगळी माणसे आणि बाळंतिणीदेखील ओंजळ ओंजळ माती आणून टाकत होत्या म्हणे. चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कोपर जुळले आणि दिवस मावळायच्या आत ओढा फुगून आला. पाणी कोपराला भिडले. माणसे पाळीवर हात जोडून उभी होती. कोपर तसूभर हलले नाही. पाळीखाली नुसता पाझर आला, आणि त्या ओलीत सारसाची मादी आपली बसलेली होती.

आषाढात सायत्राला मुलगी झाली. त्याच आठवड्यात सारसांची दोन पिले पाळीखालच्या चिखलात चालू लागली.

आश्विनात पाऊस थांबला, धान पोटरीत आला आणि पाण्याची गरज लागली. पाळीच्या पोटातल्या मोरीला इकडे तुडूम म्हणतात. ते तुडूम पहिल्यांदा उघडायचा दिवस ठरला. वाजंत्री लावली, नारळ फुटला, पाणी पाटाने पळत सुटले. एकेक बांधी भरत गेली. पोरेसोरे पाण्याच्या पुढे धावत होती. शेवटी सारे गाव वरच्या अंगाला डोमाजीच्या वावराकडे निघाले. डोमाजीने आता पागोटे बांधायचे, हा बघायचा क्षण होता. महाजनाने तर घरी जाऊन खुंटीवरचे पागोटे काढूनही आणले होते.

वावराच्या अलीकडे वीस पावलांवर पाणी मंदावले. थोडे पसरले, घुटमळले आणि थांबले. कुणी फावड्याने पाट खोल केला, कुणी हातांनी ओढले. पाणी आले नाही. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात येत गेले आणि एकेकाची मान खाली गेली. पाळीचा एक हात कुठे गेला होता, ते आता साऱ्यांना कळले.

सायत्रा कडेवर दोन महिन्यांची मुलगी घेऊन उभी होती.

"मामाजी, तुमाले मालूम होतं?"

"हो."

"तं मले सांगितलं कावून नाई?"

डोमाजीने कित्येक महिन्यांनी सुनेच्या तोंडाकडे सरळ बघितले. "सांगतलं असतं तं तू उठली असती," तो म्हणाला.

सायत्राने मुलगी महाजनाच्या बायकोच्या हातात दिली. पाणी जिथे थांबले होते तिथे गेली. कुणाचा तरी पितळी गुंड, पाण्याचा हंडा, तिथे पडला होता, तो तिने काठोकाठ भरला. डोक्यावर घ्यायला चुंबळ हवी होती. पदराची करायला गेली तर पदर अपुरा पडला. ते बघून डोमाजीने महाजनाच्या हातातले पागोटे घेतले. त्या पागोट्यासाठी तो वर्षभर ऊन खात उभा राहिला होता. त्याने ते उलगडले, पिळा दिला, गोल गुंडाळले आणि स्वतःच्या हाताने सुनेच्या डोक्यावर ठेवले. गुंडही त्यानेच उचलून दिला.

"चाल," तो म्हणाला. "पाटानं नाई आलं तं नाई आलं."

वीस पावले सायत्रा चालली आणि उदारामच्या वावरात पाणी ओतले. कोरड्या मातीने ते घटकेत पिऊन टाकले. ती परत आली तेव्हा पाटावर रांग लागलेली होती. गावातल्या प्रत्येक बाईच्या हातात गुंड होता, आणि प्रत्येक घरचा पुरुष आपले पागोटे सोडत होता. ज्यांच्या बांध्या भरल्या होत्या त्या साऱ्यांनी भरल्या घरातला एकेक गुंड त्या वावरात आणून ओतला. त्या वर्षी तिथे उसाची एकच ओळ लागली, आणि ती जगली.

डोमाजीने पुढे पागोटे बांधले नाही. "पाटाचं पानी बोललो होतो," एवढेच तो म्हणे. चुंबळ सायत्राकडे राहिली. तो गेला तेव्हा त्याला बोडक्या डोक्यानेच नेला, असे सांगतात.

आता त्या वावरात पक्षी बघायचे मचाण आहे. त्याच्या पायाशी उसाची एक ओळ उभी असते. मागे एकदा ठिबकची नळी टाकून द्यायची तयारी कुणी दाखवली होती. गावाने हात जोडून नको म्हटले. पाळीच्या कोपराखाली सारस कधी दिसतात, कधी नाही, आणि त्याची हमी कवडूजी कुणाला देत नाहीत.

पण आजही आश्विनात तुडूम उघडतात, तेव्हा हिरडबांधमध्ये आपल्या बांधीचा पाट कुणी आधी फोडत नाही. सासरे घराच्या दारात उभे राहतात. डोक्याचा रुमाल, दुपट्टा, टोपीच असेल तर खांद्यावरचा पंचा, जे असेल ते उतरवतात, पिळा देऊन चुंबळ करतात आणि सुनेच्या डोक्यावर ठेवतात. गुंड त्यांनीच उचलून द्यायचा असतो. मग सुना टेकडीकडे चालू लागतात आणि त्या परत येईपर्यंत गावातला एकही म्हातारा डोके झाकत नाही.