कडी आतून होती

एका गावात एक माळीण राहत होती, आणि त्या गावाला नाटकांचं भारी वेड होतं.

माळणीचं नाव सगुणा. नवरा गेला तेव्हा तिची मुलगी मैना रांगत होती. परसातल्या झेंडू-शेवंतीवर सगुणाने तिला लहानाची मोठी केली. गावात लग्न कुणाचंही असो, हार आणि मुंडावळ्या सगुणाकडूनच जात. ती पहाटे टोपली भरायची, लग्नघराच्या मागच्या दाराशी पोचवायची आणि तशीच परत फिरायची. तिने गुंफलेल्या मुंडावळ्या नवरीच्या कपाळाला चालत. ती स्वतः मात्र मांडवात चालत नसे. विधवेची सावली शुभकार्यावर पडू नये, असं सगळे म्हणत. ऐकून ऐकून सगुणालाही ते खरं वाटू लागलं होतं.

दर जत्रेला गावकरी देवळापुढच्या चौथऱ्यावर नाटक करत. त्या वर्षीच्या नाटकात एक विधवा आई होती. मुलाच्या लग्नात घरचे तिला अडगळीच्या खोलीत कोंडतात. मग तिचा भाऊ येतो, दार उघडतो आणि बहिणीचा हात धरून तिला भर मांडवात आणतो. भावाचं काम खुद्द पाटलांनी केलं.

"जिच्या पोटी हा नवरदेव जन्मला, तिच्याहून शुभ या मांडवात कोण आहे?" असं ते गरजले, तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषांनी फेटे उडवले. पाटलीणबाई तर हुंदके देऊन रडल्या. नाटकाचं पंचक्रोशीत नाव झालं.

बायकांच्या मागे, अगदी कडेला बसून सगुणाही रडली. मैना रडली नाही. ती रडणाऱ्यांकडे बघत होती.

थोड्याच दिवसांत मैनेचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडच्या गावचा, मल्हारी नावाचा, कष्टाळू आणि शांत. लग्नाचं ठरवायला भाऊबंद सगुणाच्या ओसरीवर जमले.

सगुणाचा दीर म्हणाला, "कन्यादान मी आणि तुमची जाऊ करू. वहिनी, अक्षता पडेपर्यंत तुम्ही आतल्या खोलीत बसा."

"बसते की," सगुणा म्हणाली.

"नाही बसायचं." दारातून मैनेचा आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. "मला मुंडावळ्या आईच बांधेल. तिने बांधल्या नाहीत, तर मी बोहल्यावर चढणार नाही."

दिराने कपाळावर हात मारला. समजूत घालायला पाटलांना बोलावणं गेलं. पाटील आले, गूळ-पाणी घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "पोरी, रीत आहे ती. तुझ्या आईलाही मान्य आहे. एवढा हट्ट बरा नव्हे."

"पाटीलकाका, जत्रेत दार तुम्हीच उघडलंत ना?"

पाटील हसले. "अगं वेडे, ते नाटक होतं!"

"मग माणसं रडली, तेही नाटकच होतं का?"

"लग्न मोडलं तर मला बोल लावू नका," एवढं म्हणून पाटलांनी वहाणा पायात सरकवल्या आणि ते निघून गेले.

सगळे पांगल्यावर सगुणा लेकीजवळ बसली. "मैने, कशाला ताणतेस एवढं? माझी सावली पडून तुझ्या संसारात काही उणं झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आई, मी तापाने फणफणले तेव्हा तुझ्याच मांडीवर होते. तेव्हा नाही बाधली ती सावली?"

सगुणाने लेकीच्या कपाळावरून हात फिरवला. पण तिच्या मनातली भीती काही गेली नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. दारात मांडव पडला, सनई वाजू लागली, वऱ्हाड येऊन बसलं, पाटील-पाटलीणबाईही आले. सगुणाने लेकीच्या मुंडावळ्या गुंफून देवापुढे ठेवल्या आणि ती आतल्या खोलीत गेली. चुकूनही कुणाच्या समोर येऊ नये, म्हणून तिने दाराला आतून कडी घातली.

मुहूर्त जवळ आला. मैना शालू नेसून आली ती थेट त्या दारापुढे जमिनीवर बसली. मुंडावळ्या तिच्या ओंजळीत होत्या.

"चल गं बाई, गुरुजी खोळंबलेत," बायका विनवू लागल्या. मैना जागची हलली नाही.

मांडवात कुजबुज सुरू झाली. मल्हारीचा चुलता ताडकन उठला. "पोरगी हट्टी दिसते. अजून अक्षता पडलेल्या नाहीत. जुंपा रे बैल!" सगुणाचा दीर त्याच्या हातापाया पडू लागला.

मैनेने दारावर थाप मारली. "आई, ऐकतेस ना? नाटकातल्या बाईला भाऊ होता. तुला नाही. पाटील येणार नाहीत, काका येणार नाहीत. आणि कुणी आलं, तरी त्याच्याने हे दार उघडणार नाही. कडी आतून आहे, आई. ती तुलाच काढावी लागेल."

आत सगुणा अंधारात उभी होती. आजवर ती लपली ती लेकीचं भलं व्हावं म्हणून. आणि आज तिच्या लपण्यानेच लेकीचं लग्न मोडायला आलं होतं. मग आपण जपत होतो ते नक्की काय? लेकीचं भलं, की लोकांचं बोलणं?

खट्‌कन कडी निघाली.

सगुणा बाहेर आली. तिने मुंडावळ्या उचलल्या आणि सगळ्यांच्या देखत लेकीच्या कपाळावर बांधल्या. गाठ पक्की बसली. मग मैनेचा हात धरून ती मांडवात आली.

"अपशकुन! अपशकुन!" कुणीतरी ओरडलं. भाऊबंदांतली काही माणसं उठून चालती झाली. पाटील मान खाली घालून बसले होते.

तेव्हा पाटलीणबाई उठल्या. त्यांनी बोहल्याशेजारी पाट मांडला. "बैस, सगुणा," त्या म्हणाल्या. "जत्रेत नुसतं रडून भागलं. आज रडून भागायचं नाही."

पाटलांनी मान वर केली. क्षणभर बायकोकडे पाहिलं. मग ते उभे राहिले आणि वाजंत्र्यांना म्हणाले, "थांबलात कशाला? वाजवा!"

पण मल्हारीचा चुलता पेटला होता. "मल्हारी, ऊठ! असल्या घरची सून आपल्याला नको."

मल्हारी उठला. सगुणाने डोळे मिटून घेतले.

मल्हारी म्हणाला, "काका, मी येतोच. माझी आत्या वेशीवर बसली आहे."

कुणाला काही कळेना. मग त्यानेच सांगितलं. आई गेल्यावर त्याला आत्याने वाढवलं होतं. तीही विधवा. वऱ्हाडाबरोबर ती आली, पण वेशीपाशीच थांबली. तिथून सनई ऐकू आली की तिला पुरे होतं. "रीतच आहे, आपण काय करणार, असं म्हणून मी तिला गाडीतच सोडून आलो," तो म्हणाला. "या मुलीने आपल्या आईसाठी लग्न पणाला लावलं. मी तर तोंडही उघडलं नाही."

"अरे, मुहूर्त टळेल!" गुरुजी ओरडले.

"टळू दे. दुसरा बघा, गुरुजी!" बाशिंग सावरत मल्हारी धावलासुद्धा.

तो परतला तेव्हा एक म्हातारी त्याच्या हाताला धरून येत होती. मांडवाच्या तोंडाशी ती थबकली. "नको रे बाळा, लोक काय म्हणतील?" तिचा पाय पुढे पडेना.

सगुणा पाटावरून उठली आणि तिला सामोरी गेली. "या विहीणबाई," ती म्हणाली. "मलाही आतून निघवत नव्हतं. एकदा उंबरा ओलांडला की जमतं." तिने आत्याला आणलं आणि आपल्या पाटावर बसवून घेतलं.

चुलता थोडा वेळ पाय आपटत उभा राहिला. बैल जुंपायला कुणी उठत नाही हे पाहून तोही खाली बसला. गुरुजींनी पुढचा मुहूर्त काढला आणि अक्षता पडल्या.

उठून गेलेल्यांपैकी काहींनी सगुणाशी कायमचं बोलणं टाकलं. तिने ते सोसलं. मैनेचा संसार चारचौघींसारखाच झाला, कधी भरभराट, कधी ओढाताण. पण त्या गावात पुढे जी लग्नं झाली, त्यांत मांडवात येऊन अक्षता टाकणाऱ्या विधवांच्या मुठी वाढत गेल्या.

तात्पर्य: गोष्टीतल्या अन्यायावर रडणारे पुष्कळ असतात, पण आपल्या अंगणातल्या अन्यायापुढे जो उठून उभा राहतो, त्यालाच ती गोष्ट कळलेली असते.