मिठाची तक्रार

खूप जुनी गोष्ट. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका टेकडीखालच्या गावात लहानसं कौलारू चर्च होतं आणि त्या चर्चची एक रीत होती.

मंडळीत कुणी आजारी पडलं, की एका सेवेकऱ्याने त्याच्या घरी गाडग्यातून पेज न्यायची, तो खाईपर्यंत उशाशी बसायचं आणि रिकामं गाडगं चर्चच्या पायरीवर आणून पालथं घालायचं. संध्याकाळी पाळक बाहेर येत, पालथी गाडगी बघत आणि देवाचे आभार मानत. गाडगं पालथं, म्हणजे माणूस जेवला.

मग एका वर्षी गावात ताप शिरला. आज अंग तापलेल्या माणसाला चौथ्या दिवशी माती द्यावी लागे. चर्चची घंटा इतक्यांदा वाजू लागली की लोक कानांवर हात ठेवू लागले.

सेवेकऱ्यांत रिबका नावाची एक बाई होती. नवरा गेलेला, दोन वर्षांची लेक, एवढाच तिचा संसार. तिच्या वाट्याला आले शांतवनबाबा. गावाच्या टोकाला एकटा राहणारा म्हातारा कुंभार. नाव शांतवन, पण स्वभावात शांती औषधालाही नव्हती. पेजेचा पहिला घोट घेतला की ठरलेलं बोलणं, "मीठ कमी हाय."

बाबांना हाच ताप चढल्याचं कळलं, तेव्हा रिबकाच्या मनात पहिलं आलं ते हेच. मी हा ताप घरी नेला तर? माझ्या लेकीला कोण?

पहिल्या दिवशी तिने गाडगं उंबऱ्यावर ठेवलं, कडी वाजवली, "बाबा, पेज ठेवलीय हो!" म्हणून ओरडली आणि जी पळत सुटली ती घरी येऊनच थांबली. दुपारी भीत भीत परत गेली, तर गाडगं चाटूनपुसून रिकामं. तिचा जीव भांड्यात पडला. गाडगं राखेने घासून तिने पायरीवर पालथं घातलं.

"बाबा कसे आहेत?" पाळकांनी विचारलं.

"बरे आहेत. आज मिठाचंसुद्धा बोलले नाहीत," रिबका म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसराही.

चौथ्या दिवशी गाडगं ठेवून ती पळायला वळली आणि तिच्या वहाणेचा अंगठा तुटला. तो नीट करायला ती समोरच्या कडुलिंबाखाली बसली. दार काही उघडलं नाही. थोड्या वेळाने कुंपणातून एक पिवळं कुत्रं आलं, त्याने सवयीने झाकण पाडलं आणि पेज लपालपा खाऊन निघून गेलं.

म्हणजे रोजची पेज या कुत्र्यानेच खाल्ली होती. तीन दिवस! तिला वाटलं, गाडगं उचलावं आणि गुपचूप चालू लागावं. कुणाला कळणार होतं? गाडगं तर रिकामं होतंच.

ती उठली आणि अनवाणीच पाळकांच्या घराकडे धावली. लेकीला ती रोज तिथंच सोडायची. कुंपणाबाहेरूनच ती ओरडली, "पाळकीणबाई, आता पोरीला तुमच्यापाशीच ठेवा. मी बाबांच्या घरात जातेय. आजवर मी आत गेलेच नाही हो. मला फार भीती वाटते."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?" पाळकीणबाई म्हणाल्या. "पोर माझ्याजवळ राहील. तू हो पुढे, यांना पाणी आणि पेज घेऊन तुझ्यामागे धाडते."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोंदट अंधार होता, माठ कोरडा पडला होता. बाबा अंथरुणात नव्हते. ते जमिनीवर पालथे पडले होते, एक हात दाराकडे पसरून. उंबरा त्या हातापासून जेमतेम दोन वितींवर होता.

रिबकाला वाटलं, संपलं सगळं. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोमट होतं. तेवढ्यात पाळक पाणी घेऊन आले. तिने बाबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब पाणी ओठांवर सोडलं. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"तुझी हाक रोज ऐकू यायची, पोरी," ते पुटपुटले. "पन माझा आवाजच फुटंना."

रिबका हुंदके देत रडली.

बाबा वाचले. आठ दिवसांनी रिबकालाच ताप भरला. दार लोटून ती पडून राहिली. बाहेर पावलं वाजली आणि उंबऱ्याशी थांबली. तिने डोळे घट्ट मिटले. आता गाडगं ठेवल्याचा आवाज येईल, मग पळणारी पावलं.

पावलं आत आली. काठी टेकत शांतवनबाबा उशाशी बसले आणि त्यांनी स्वतः रांधलेली पेज तिच्या ओठांना लावली. पेज खारट ढोण होती. रिबकाने ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. पाचवा दिवस उजाडला तेव्हा तिचा ताप उतरला होता.

तेव्हापासून त्या चर्चची रीत थोडी बदलली. गाडगं पालथं घालणाऱ्याला पाळक विचारू लागले, "आज तो काय बोलला?" उत्तर देता आलं नाही, तर त्याला पुन्हा त्या घरी जावं लागे, आणि तेही एकट्याने नाही, सोबत दुसरा सेवेकरी घेऊन.

बोध: ज्याची काळजी घ्यायची, त्याचा उंबरा ओलांडून त्याला डोळ्यांनी पाहून यावं.