चांगुणेचा परळ

या गोष्टीला इतका काळ लोटला, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येत नाही. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाट उतरून दमलेले वाटसरू तिथे थांबत आणि म्हाळू आचाऱ्याकडे जेवत.

म्हाळूच्या अंगणात मातीची एक मोठी भट्टी होती. रांजणासारखी फुगीर, जाड भिंतींची, वर जड झाकण. तळाशी कोळसे फुलवायचे, वर लोखंडी जाळी ठेवायची, जाळीवर मांस ठेवून झाकण लावायचं. ही भट्टी गावातल्या चांगुणा कुंभारणीने घडवली होती. चांगुणा म्हातारी होती, एकटी होती. वर्षाकाठी अशा दोन-तीन भट्ट्या विकल्या जात, त्यावर तिचं पोट चाले.

एकदा एक वऱ्हाड गावात उतरलं. म्हाळूने चरबीदार मेंढा निवडला. मांडी जाळीवर चढवली आणि लवकर भाजावी म्हणून कोळसे अगदी तिच्याखाली रचले.

थोड्याच वेळात चरबी वितळून निखाऱ्यांवर ठिबकू लागली. भट्टीतून काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला. म्हाळूने घाबरून झाकण एकदम उचललं. आत कोंडलेल्या आगीला वारा मिळाला. जाळ उसळला आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत होरपळला. त्या धांदलीत त्याने घागरभर पाणी भट्टीत ओतलं. तापलेली माती काठापासून तळापर्यंत तडकली.

मांस वरून कोळसा, आतून कच्चं. पाहुणे चटणी-भाकरी खाऊन, काही न बोलता निघून गेले. ते न बोलणं म्हाळूला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी जो भेटेल त्याला तो भट्टीचा तडा दाखवू लागला. "चांगुणेच्या मातीतच खोट आहे," तो म्हणे. पाण्याची गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही.

गावाने विश्वास ठेवला. एकाने सांगून ठेवलेली भट्टी नको म्हटलं. दुसऱ्याने नेलेली परत आणून दिली. चांगुणेने कारण विचारलं, तेव्हा म्हाळू काय सांगत फिरतो आणि त्याचा हात भाजलाय, हे तिला कळलं.

त्याच दुपारी ती म्हाळूच्या दारात आली. म्हाळू ओसरीवर बसला होता. आता ही भांडणार, असं समजून त्याने मान फिरवली.

"भट्टी मग बघू," चांगुणा म्हणाली. "आधी हात दाखव."

तिने पदराखालून कोरफडीचं पान काढलं, चिरलं आणि त्याचा गार गर जखमेवर हलक्या बोटांनी लावला.  म्हाळूचा हात असा जपून कुणी धरल्याला किती वर्षं झाली होती, ते त्यालाच आठवेना.

मग ती भट्टीशी गेली. आत वाकून पाहिलं. राख चिखलासारखी भिजून तळाला थापली गेली होती. चांगुणेने ती बोटांवर घेतली, चोळली आणि तशीच झटकून टाकली. 

"उद्या सकाळी येते," एवढंच म्हणाली. "मांस आणून ठेव. चरबीचंच आण."

सकाळी ती गिऱ्हाइकाने परत केलेली भट्टी बैलगाडीत घालून आली. सोबत एक परळ होता, म्हणजे मातीची पसरट, उथळ थाळी, खाली तीन बुटके पाय असलेली. तिने निखारे भट्टीच्या कडेकडेने सारले. मधे परळ ठेवला आणि त्यात दोन तांबे पाणी ओतलं. वर जाळी, जाळीवर बरोबर परळाच्या डोक्यावर मांस. झाकण लावून ती शेजारी बसली.

"बस इथे. बघ आणि ऐक," ती म्हणाली.

दोघं बसून राहिले. आत थेंब पडत होते, पण चरचरत नव्हते. धूर निघाला तो पातळ, निळसर, भूक लागावी असा.

"चरबी ठिबकणारच, बाबा. तिला पडायला जागा हवी," चांगुणा म्हणाली. "परळातलं पाणी आटू देऊ नको, आटलं तर चरबी तिथेच पेटेल. झाकण आधी बोटभर उचल, आत वारा हळूहळू शिरू दे, मग उघड. परळ काढायचा तो भट्टी पुरती थंड झाल्यावर."

मांस निघालं ते आतपर्यंत शिजलेलं, बदामी रंगाचं. म्हाळूने पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. 

"मावशी, तुझ्या मातीत खोट नव्हती. तापल्या भट्टीत मी पाणी ओतलं."

"माहीत आहे. राख भिजलेली दिसली काल."

"मग बोलली का नाहीस?"

"भाजलेल्या माणसाला आणखी काय बोलायचं?" ती म्हणाली आणि घास खाऊ लागली. "पण म्हाळू, माझं तोंड बंद राहिलं तरी माझ्या घरची चूल पेटायला हवी ना. गावाला जे सांगितलंस ते तूच मागे घे."

बाजाराच्या दिवशी म्हाळू भर चौकात उभा राहिला. मान खाली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. भट्टी कशी तडकली ते त्याने पहिल्यापासून सांगितलं, पाण्याची घागरसुद्धा लपवली नाही. काही जण हसले. त्याने त्यांना हसू दिलं.

त्या हंगामात चांगुणेने सात भट्ट्या विकल्या. प्रत्येकीबरोबर तीन पायांचा एक परळ जाई, आणि तो कसा ठेवायचा हे शिकवायला त्या त्या घरी म्हाळू जाई.

बोध: कुणाला दोष देण्याआधी घटकाभर बसून नीट पाहावं, पुष्कळदा तिथे कुणाचा अपराध नसतो, एक लहानशी सोय करायची राहून गेलेली असते.